पुढच्या बैठकीची तारीख

दुकानाच्या काचेवर बाहेरून कुणीतरी कागद चिकटवतंय, हे चष्मेवालीच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या एका हातात मोडकी दांडी होती आणि दुसऱ्या हातात इवलासा स्क्रू. दोन्ही तसंच धरून ती बाहेर आली. काचेसमोर एक उंच, सडपातळ माणूस डिंकाने माखलेली बोटं रुमालाला पुसत समाधानाने उभा होता. कागदावरची सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती.

"हे काय आहे?"

"नागरिकांना आवाहन," तो अदबीने म्हणाला.

"उभ्या नागरिकांना, की शीर्षासन करणाऱ्यांना?"

त्याने वळून पाहिलं. मग आणखी जवळ जाऊन पाहिलं. शेवटी नाक कागदाला टेकलं तेव्हा कुठे म्हणाला, "अरेच्चा..."

असा माणूस आयता दारात आल्यावर कुठली चष्मेवाली त्याला जाऊ देईल? तिने त्याला आत नेलं, उंच स्टुलावर बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितलं. वडील गेल्यापासून दुकान तीच चालवत होती. गल्ल्यावर तिची आत्या बसायची. आईविना वाढलेल्या या भाचीला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं आणि आता तिच्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवत होती.

पहिली ओळ त्याने झोकात वाचली. तिसऱ्या ओळीपाशी घोडं अडलं.

"हा आठ असावा," तो म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? डोळे तुमचे आहेत."

तिने भिंग बदललं. "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?"

त्याने बराच विचार केला. "दोन्हींत तथ्य आहे."

गल्ल्यावरून आत्याचं खुदकन हसू ऐकू आलं. चष्मेवालीने मात्र हसू दाताखाली धरलं, बॅटरी घेतली आणि त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. एवढ्या जवळून ती रोज कितीतरी डोळे बघायची, पण या डोळ्यांना पापण्यांची चैन जरा जास्तच होती. डिंकाचा गोडसर वास येत होता. तिने योग्य भिंग बसवलं, मागे सरकली, आणि त्याने समोर पाहिलं. समोर तक्ता होता. तक्त्याच्या आधी ती होती.

"आता?"

"आता... स्पष्ट आहे."

"काय स्पष्ट आहे?"

"म्हणजे—" तो गडबडला, "एकूणच."

तो नगर कार्यालयातून आला होता. दुकानापुढचा रस्ता नदीसारखा रुंद होता, आणि त्यावरून गाड्या अशा धावायच्या जणू पलीकडे कुणी त्यांना जेवायला बोलावलंय. पलीकडे बेकरी होती, वाचनालय होतं, आत्याच्या दोन मैत्रिणी होत्या, आणि आत्या रोज जीव मुठीत धरून पलीकडे जायची. आता कार्यालयाने ठरवलं होतं की इथे रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे आखायचे आणि दिवा लावायचा. कुठे, ते मात्र नागरिकांनीच ठरवायचं. एकाचीही हरकत उरली तर पुन्हा बैठक घ्यायची, असा नियम होता. सगळ्यांचं मत विचारणं हेच त्याचं काम, आणि ते तो इतक्या मनापासून करायचा की पलीकडच्या बेकरीवाल्याने त्याचं नाव 'कायवाटतं' पाडलं. ते दोन दिवसांत रस्ताभर झालं.

पहिली बैठक वाचनालयात भरली. कायवाटतंने टेबलावर रस्त्याचा मोठा नकाशा पसरला आणि प्रत्येकाला रंगीत टिकल्या दिल्या. पट्टे हवेत तिथे हिरवी लावायची, नकोत तिथे लाल. पट्टे सगळ्यांना हवे होते, फक्त स्वतःच्या दारात नको होते. अर्ध्या तासात नकाशाला गोवर आल्यासारखा झाला. निवृत्त मास्तर — जिथे खुर्च्या मांडल्यात तिथे ते असायचेच — उठून म्हणाले की लोकशाहीचं हे दर्शन पाहून त्यांचं मन भरून आलंय. मग ते ज्या खुर्चीवर जाऊन बसले, तिच्यावर बेकरीवाल्याने उरलेल्या टिकल्या चिकटत्या बाजूने वर करून ठेवल्या होत्या. मास्तर घरी गेले ते पाठीमागे लाल ठिपके घेऊन, म्हणजे जिथे पट्टे नकोत अशी जागा म्हणून.

पट्ट्यांचं ठरेना, तेव्हा निदान एक बाक तरी बसवू, असं ठरलं. बाक बेकरीकडे तोंड करून नको, कारण बसणारे फुकटचा वास घेतील, असं बेकरीवाला म्हणाला. वाचनालयाकडे नको, वाचणाऱ्यांना संकोच वाटेल, असं मास्तर म्हणाले. रस्त्याकडे नको, धूळ. उगवतीकडे नको, ऊन. सगळ्या सूचनांचा मान राखून कार्यालयाने बाक बसवला. त्याचं तोंड एका भिंतीकडे होतं आणि त्याच्यावर बसलं की गुडघे भिंतीला लागायचे.

त्या बाकावर कुणीच बसत नसे. म्हणूनच बैठक संपली की चष्मेवाली आणि कायवाटतं तिथे बसायला लागले. भिंतीकडे तोंड असलं की एकमेकांकडे बघावं लागत नाही... आणि बघितलंच, तर दुसरं बघण्यासारखं काही नसल्याची सबब असते.

"ही भिंत तुम्हाला कशी वाटते?" त्याने एकदा विचारलं.

"समंजस. मधेमधे बोलत नाही."

"मी बोलतो का मधेमधे?"

"तुम्ही मधे बोलत नाही, मधेच थांबता," ती म्हणाली. त्यावर तो मधेच थांबला.

पुढच्या एका बैठकीत मात्र आक्रीत घडलं. मास्तरांनी सुचवलं की पट्टे वाचनालयाच्या फाटकासमोर आखावेत. तिथे कुणाचं दुकान नाही, कुणाचं दार नाही. बेकरीवाला हो म्हणाला. सगळ्या माना डोलल्या. कायवाटतंने खोलीभर नजर फिरवली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाला काही म्हणायचंय?" असं विचारून तो नेहमी थोडा थांबायचा. कोपऱ्यात बसलेला लाजाळू माणूसही धीर करून बोलेल, इतका थांबायचा. मग तो नकाशाची गुंडाळी करायला लागला.

ती गुंडाळी बघता बघता चष्मेवालीने मनात हिशोब केला. पट्टे ठरले, म्हणजे बैठका संपल्या. बैठका संपल्या, म्हणजे हा माणूस दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाच्या काचेवर उलटे कागद चिकटवणार. आणि तिचा हात आपोआप वर गेला.

"माझी हरकत आहे."

सगळे वळले. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

"वाचनालयातून बाहेर पडणारे लोक... चालता चालता वाचतात," ती म्हणाली. "त्यांना दिवा दिसणार नाही."

दुसरा कुणी अधिकारी असता तर त्याने हे हसण्यावारी नेलं असतं. कायवाटतंने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओठाचा डावा कोपरा एवढासा हलला. "मुद्दा विचार करण्यासारखा आहे," तो म्हणाला. "पुढच्या बैठकीत घेऊ." आणि पुढची तारीख दिली.

तिथून पुढे त्या रस्त्याचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. पट्टे थोडे अलीकडे घ्यायचं ठरलं, तेव्हा चष्मेवालीने विचारलं की डावखुऱ्या माणसांचा विचार झालाय का. आणखी अलीकडे घेतले, तेव्हा तिने शंका काढली की काळी-पांढरी ओळ बघून नंबर वाढतो, आणि ती बोलतेय ते धंद्याच्या अनुभवाने. कायवाटतं एकेक हरकत तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी घ्यायचा. डावखुऱ्यांसाठी तर त्याने पाहणी केली. रस्त्याच्या कडेला उभा राहून तो लोकांना विचारायचा, तुम्ही कुठल्या हाताने लिहिता, आणि लोक पाकीट सांभाळत पळायचे.

रस्ताभर चष्मेवालीचं नाव झालं. पोरगी धीट आहे, कार्यालयाला नमवतेय, असं लोक म्हणू लागले. मास्तर तिला लोकशाहीची वाघीण म्हणायचे. सगळ्यांत जास्त अभिमान आत्याला. बेकरीत पाव घ्यायला गेली की ती सांगायची, "आमची पोरगी लढतेय म्हणून. नाहीतर कुठेतरी रेघोट्या मारून मोकळे झाले असते."

आणि संध्याकाळी, बैठकीनंतर, भिंतीसमोरच्या बाकावर वाघीण गुडघे आवळून बसायची.

"आज जरा जोरातच बोललात," तो म्हणायचा.

"मग? तुमच्या नकाशात दमच नव्हता."

"पुढच्या वेळी चांगला आणतो."

"इतका चांगला नको आणू..." ती जीभ चावायची. "म्हणजे, घाई नको करू. करू नका."

"नाही करणार," तो म्हणायचा, इतक्या हळू की भिंतीलाही ऐकू जाऊ नये. एकदा वाऱ्याने नकाशा उडाला आणि दोघांनी एकाच वेळी धरला. बोटांवर बोटं आली. नकाशा कधीच स्थिर झाला होता, तरी दोघं बराच वेळ धरून होती. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि तो म्हणाला, "वारा वाढलाय. तुम्हाला काय वाटतं?"

तिला वाटायचं, याने एकदा तरी, फक्त एकदा, काही न विचारता सांगून टाकावं. पण तेही ती त्याला कधी म्हणाली नाही. सगळ्या गावासमोर हात वर करणारी मुलगी त्या बाकावर मात्र मुकी व्हायची.

दरम्यान कार्यालयाने हिशोब काढला, तेव्हा एवढ्या बैठका, एवढी हजेरी, एवढ्या हरकती अख्ख्या शहरात कुठेच झालेल्या नव्हत्या. नागरिकांच्या सहभागाचा आदर्श म्हणून कायवाटतंला एक जडशीळ ढाल मिळाली. दुसऱ्या शहरातून पाहुणे मंडळी हे काम बघायला आली. त्यांनी नकाशे पाहिले, टिकल्या पाहिल्या, मास्तरांचं भाषण ऐकलं. मग त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि पट्टे कुठे आहेत?" कायवाटतं म्हणाला की ते अजून ठरायचंय. बाईंनी माना डोलावणाऱ्या सहकाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या की प्रक्रिया उत्तम आहे. तेवढ्यात समोरून येणाऱ्या ट्रकमुळे सगळी मंडळी रस्त्याच्या मधोमध अडकली. त्यांना पलीकडे न्यायला बेकरीवाल्याला पावाचा ट्रे आडवा धरून उभं राहावं लागलं. त्यावर सगळे खूप हसले. चष्मेवालीही हसली.

आत्याने एकदोनदा विचारलं होतं. पाय आता पूर्वीसारखे उचलत नव्हते. "कधी गं होणार ते पट्टे?"

"होतील. पुढच्या बैठकीत होतील."

त्या सकाळी ऊन छान पडलं होतं. चष्मेवाली एका शाळकरी मुलीला फ्रेम बसवून बघत होती. आत्या पाव आणायला निघाली, दाराशी थांबली आणि म्हणाली की येताना तुझ्यासाठी गोड बन आणते, आज बैठक आहे ना, घसा कोरडा पडतो तुझा. मग ब्रेकचा आवाज आला. तो रोजच यायचा, म्हणून तिने मान वर केली नाही. मान वर केली ती बेकरीवाल्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा. तो तिला कधीच नावाने हाक मारत नसे.

स्कूटरवाला फुटपाथवर बसून रडत होता. आत्या रस्त्यात आडवी पडली होती आणि त्यालाच धीर देत होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की शस्त्रक्रिया होईल, जीवाला धोका नाही, पण पूर्वीसारखं चालणं विसरा. शुद्धीवर आल्यावर आत्याने भाचीचा हात हातात घेतला आणि जडावल्या जिभेने म्हणाली, "बघ ना गं, तू त्या रस्त्यासाठी एवढी भांडतेस आणि माझंच नशीब फुटकं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस."

चष्मेवालीने हात सोडवून घेतला. पाणी आणते म्हणाली, आणि बाहेर आली.

बाहेर कायवाटतं उभा होता. आज नकाशा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. औषधांचा वास दाटलेल्या त्या लांबलचक व्हरांड्यात दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"ती डावखुऱ्यांची हरकत," तो म्हणाला, "मी त्याच दिवशी फेटाळू शकलो असतो. नियमात बसतच नव्हती. वाचनालयाचीसुद्धा नाही."

"मला वाटलं, एका हरकतीवर पुन्हा बैठक घ्यावीच लागते."

"योग्य हरकतीवर. योग्य कुठली, ते मी ठरवायचं असतं."

"मग का नाही ठरवलं?"

त्याने चष्मा काढला. ती आवडती सवय आज तिला बघवेना. "पुढची तारीख मिळत होती," तो म्हणाला. "तुम्ही हात वर केला की मला... मी आठवडाभर त्या हाताची वाट बघायचो."

हे शब्द ऐकायला तिने किती संध्याकाळी भिंतीकडे बघत काढल्या होत्या. आणि आले ते असे, दाराच्या पलीकडे आत्या कण्हत असताना.

"मीही त्याचसाठी करायचे," ती म्हणाली. "आता नका बोलू काही. आज नको."

तो बोलला नाही. सांगितलेलं ऐकायची त्याला सवयच होती.

पुढच्या बैठकीत चष्मेवाली मागच्या रांगेत बसली. पट्टे वाचनालयाच्या फाटकासमोर, म्हणजे मास्तरांनी अगदी सुरुवातीला म्हटलं होतं तिथेच, असा प्रस्ताव आला. कायवाटतंने विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का, आणि थांबला. सगळ्या खोलीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मास्तर जरा हिरमुसले. बैठक इतक्या लवकर संपली की चहाचं पाणीसुद्धा उकळलं नव्हतं.

आठवड्याभरात पट्टे आखले गेले, दिवाही लागला. पहिल्याच दिवशी गाड्या निमूटपणे थांबल्या. शाळेची मुलं गेली, मास्तर गेले, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं असे दोघंतिघंही पलीकडे जाऊन परत आले. इतकं सोपं होतं ते. चष्मेवाली काचेआडून बघत होती आणि तिला वाटत होतं की काहीतरी अडायला हवं होतं, निदान दिवा तरी बिघडायला हवा होता. म्हणजे हे कामच अवघड होतं, असं स्वतःला सांगता आलं असतं.

ढालीमुळे कायवाटतंला बढती मिळाली. लांबच्या मोठ्या शहरात आता सगळ्या नगराचं मत विचारायचं होतं. हे सांगायला तो दुकानात आला. गल्ल्यावरची खुर्ची रिकामी होती. तो त्याच उंच स्टुलावर बसला, आणि तिने हाताला काम हवं म्हणून त्याच्या चष्म्याचे स्क्रू आवळायला घेतले. ते मुळीच सैल नव्हते.

"परवा निघायचंय," तो म्हणाला. "पण अजून मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हाला... तुम्हाला काय वाटतं?"

तिने मान वर केली नाही. जाऊ नकोस, असं तिला म्हणायचं होतं. पण म्हटलं तर तो खरंच थांबला असता. दोघांनी सुखाने संसार थाटला असता, तोही त्याच रस्त्यावर, जिथे आत्या आता कधीच एकटी पलीकडे जाणार नव्हती. तो एवढं जरी म्हणाला असता की मी थांबतोय, तुझी हरकत असली तरी थांबतोय, तर कदाचित ती रडली असती, भांडली असती, आणि सगळं झालंही असतं. पण तो विचारून थांबला होता. कोपऱ्यातला लाजाळू माणूसही बोलेल इतका थांबला होता.

"मोठं शहर आहे," ती म्हणाली. "तिथे रस्ते जास्त असतील."

तिने चष्मा त्याच्या नाकावर स्वतःच्या हाताने बसवला. दांड्या कानामागे सरळ केल्या. बोटं तिथेच क्षणभर जास्त राहिली... आणि मग तिने ती काढून घेतली.

आत्या घरी आली ती वॉकर घेऊन. दुपारी दुकान बंद करून चष्मेवाली तिच्या पायाला तेल लावायची. एका दुपारी तेल लावता लावता मान खाली घालून तिने सगळं सांगून टाकलं. हरकती रस्त्यासाठी नव्हत्या. डावखुरे, नंबर, चालता चालता वाचणारे, सगळं खोटं. पट्टे कधीच झाले असते. त्याने परत यावं म्हणून ती हात वर करत होती, इतकंच.

आत्याने उशीवरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"कोण, तो कायवाटतं?"

"हं."

"आवडायचा तुला?"

"हं."

"मग विचारलंस त्याला?"

चष्मेवालीने मान हलवली.

"त्याने?"

"त्याने मलाच विचारलं. मी जा म्हटलं."

"आणि तो गेला?"

"गेला."

आत्याने पाय हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि पांघरुणाखाली सरकवला. आवाज चढला नाही, कपाळाला आठीही नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून तिने विचारलं —

"मग माझं हाड मोडलं ते कशासाठी गं?"